ब्रुनो गेला, आता लगेच दुसरं पिल्लू आणायचं का?

प्रश्न : (सांगलीच्या विश्रामबाग भागातून आलेल्या पत्राचा सारांश. नावं बदलली आहेत.)

आमचा ब्रुनो, पिवळा लॅब्राडॉर, 9 वर्षांचा होता. दोन महिन्यांपूर्वी गोचीड तापाने गेला. अंगावर गोचीड दिसत होते, मी कडुनिंबाच्या पाण्याने पुसून काढत होते. दवाखान्यात नेलं तोवर प्लेटलेट फार खाली गेल्या होत्या. ते काही केल्या मनातून जात नाही. घरात राणी आहे, 11 वर्षांची देशी कुत्री. तो गेल्यापासून ती निम्मंच खाते आणि दिवसभर मागच्या दाराशी पडून असते. मिस्टरांच्या मिरजेतल्या मित्राकडे लॅब्राडॉरची पिल्लं झाली आहेत, आज 35 दिवसांची आहेत. ‘लहान असतानाच आणलं की लळा लागतो, राणीलाही सोबत होईल,’ असं मिस्टर म्हणतात. आठवीतल्या मुलाला अगदी तसंच पिवळं पिल्लू हवंय आणि नावही ब्रुनोच ठेवायचंय. सासूबाईंचं म्हणणं, वर्ष होईपर्यंत दुसरं जनावर दारात आणायचं नाही. आम्ही दोघंही नोकरी करतो. मला पिल्लू हवंसं वाटतं, आणि तसं वाटलं की ब्रुनोशी बेइमानी केल्यासारखंही वाटतं. काय करावं?

उत्तर :

ताई,

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. दुसरा कुत्रा आणायला काहीच हरकत नाही. हे 35 दिवसांचं पिल्लू मात्र आणू नका. आणि कुठलाही कुत्रा दारात येण्याआधी दोन कामं उरकायची आहेत: राणीची रक्ततपासणी आणि घरातल्या गोचिडांचा बंदोबस्त. त्याला चार महिने सहज लागतील. म्हणजे मिस्टरांचं ‘आत्ताच’ आणि सासूबाईंचं ‘वर्षाने’ यांच्या मधली एक वेळ आपोआप निघते, आणि ती कोणाच्या हट्टावर ठरलेली नसते.

बेइमानीचं म्हणाल, तर कुत्र्याच्या दुःखाला ठरलेली मुदत नसते. काही घरांत महिन्याभरात दुसरा कुत्रा येतो आणि छान रमतो. काही घरांत दोन-दोन वर्षं कोणाचं मन होत नाही. दोन्ही बरोबरच. तुम्हाला पिल्लू हवंसं वाटतं म्हणजे ब्रुनो विसरला असं मुळीच नाही. तपासायचं ते वेगळंच. नवा कुत्रा चप्पल फाडेल, गादीवर मुतेल, हाक मारली तर ढिम्म बसेल. त्या वेळी ‘ब्रुनो असं कधीच करत नव्हता’ हे वाक्य घरात किती वेळा निघेल? अधूनमधून निघणं साहजिक आहे. ऊठसूट निघणार असेल तर अजून थांबा, कारण मग माणसं शिकवायचा धीर सोडतात, रागावतात, आणि त्या जिवाला आपलं काय चुकलं तेच कळत नाही. घरातल्या चौघांनीही हा प्रश्न आपापला स्वतःला विचारावा. मुलानेसुद्धा.

सासूबाईंच्या ‘वर्षा’कडे नुसती रूढी म्हणून बघू नका. तुम्ही दोघं नोकरीवर, मुलगा शाळेत आणि क्लासला. मग दुपारी ब्रुनोला खायला कोण घालत होतं? आजारपणात त्याची उलटी कोण पुसत होतं? पत्रात हे लिहिलेलं नाही, पण दिवसभर घरात त्याच असतील, तर कुत्र्याचा सगळ्यांत जास्त सहवास त्यांना होता आणि सगळ्यांत जास्त कामही त्यांनाच होतं. त्यांना एकट्याला गाठून विचारा: ‘आई, तुम्हाला ब्रुनोची आठवण येते म्हणून नको वाटतंय, की आता तुमच्याने होत नाही म्हणून?’ पहिलं कारण असेल तर काही महिन्यांनी त्यांचं मन बदलू शकतं. दुसरं असेल तर तीन महिने थांबा नाहीतर तीन वर्षं, उत्तर तेच राहणार. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी दर दोन तासांनी, शिवाय प्रत्येक झोपेनंतर आणि खाण्यानंतर बाहेर न्यावं लागतं. वाकून फरशी पुसावी लागते. ते पायांत घुटमळतं, आणि वयस्कर माणूस त्यात अडखळून पडलं तर खुब्याचं हाड मोडण्यापर्यंत वेळ येते. कुत्रा लहान आणायचा की मोठा, हा निर्णय मोठ्या प्रमाणात इथेच होतो.

आता गोचीड. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण येणाऱ्या कुत्र्याचा जीव यावर अवलंबून आहे.

आधी तुमच्या मनातला सल. आपल्याकडच्या गोचीड तापात बहुतेक वेळा एर्लिकिया किंवा बबेसिया या रक्तातल्या जंतूंपैकी एक असतो, कधी दोन्ही असतात. एर्लिकिया हा जीवाणू गोचीड चिकटल्यापासून काही तासांतच रक्तात उतरू शकतो. एक ते तीन आठवड्यांत ताप येतो, कुत्रा मरगळतो, खात नाही. आणि बऱ्याचदा हे दोन-चार आठवड्यांत आपोआप बरं झाल्यासारखं दिसतं. पण जीवाणू आत राहतो, काही महिने, कधी काही वर्षंसुद्धा. कुत्रा खातो, खेळतो, बाहेरून काही कळत नाही. मग एके दिवशी हिरड्या पांढऱ्या पडतात, पोटावर लाल ठिपके उठतात, नाकातून रक्त येतं, आणि तपासणीत प्लेटलेट तळाला गेलेल्या असतात. तुम्ही कडुनिंबाचं पाणी लावत होता त्याच्या कितीतरी आधी ब्रुनोला लागण झालेली असू शकते. ते ओझं उतरवून ठेवा. कडुनिंबाच्या पाण्यावर गोचिडांचा बंदोबस्त होत नाही, एवढं मात्र इथून पुढे पक्कं धरा.

राणी त्याच घरात, त्याच गोचिडांमध्ये राहिली आहे. ती निम्मं खाते याचा अर्थ सगळ्यांनी ‘दुःख’ असा लावलाय. तो बरोबर असू शकतो. इटलीत 426 कुत्रेपालकांना विचारून केलेला एक अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. घरातला जोडीदार कुत्रा गेल्यावर मागे राहिलेल्याच्या वागण्यात फरक पडल्याचं त्यांतल्या सुमारे 86 टक्के लोकांनी सांगितलं: खेळणं कमी, खाणं कमी, झोप जास्त, माणसांच्या मागेमागे राहणं. काहींत हे सहा महिन्यांहूनही जास्त टिकलं. पण 11 वर्षांची कुत्री दोन महिने निम्मं खाते, याला मूत्रपिंड, किडलेले दात, संधिवात किंवा तोच गोचीड ताप यांतलं काहीही कारण असू शकतं, आणि दुःख समजून ते राहून जातं. म्हणून या आठवड्यात तिची तपासणी करून घ्या. डॉक्टरांना ‘सोबतचा कुत्रा गोचीड तापाने गेला’ हे पहिल्या वाक्यात सांगा. पूर्ण रक्तगणना आणि प्लेटलेट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि यकृताच्या चाचण्या, आणि गोचीड तापाची किट तपासणी, एवढं करायला सांगा. काचेवर रक्त पसरून केलेल्या तपासणीत जंतू दिसला नाही तर तो नाहीच असं होत नाही, म्हणून किटचा आग्रह धरा. एर्लिकिया निघाला तर डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण 28 दिवसांचा असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रा शेपूट हलवायला लागतो आणि लोक गोळी बंद करतात. तसं करू नका. गोळी खाण्याबरोबर द्या, रिकाम्या पोटी उलटी होते. राणीचा ताप नव्या कुत्र्याला सहसा थेट लागत नाही. मधे गोचीड लागतो. म्हणूनच गोचीड संपवायचा.

हा जो कुत्र्यांवरचा तपकिरी गोचीड आहे तो गवतापेक्षा घरात जास्त राहतो. रक्त पिऊन फुगला की कुत्र्यावरून खाली पडतो आणि वर चढतो: भिंतीच्या फटी, चौकटीमागची पोकळी, फोटोफ्रेमची पाठ, खाटेचे सांधे, पडद्याची वरची शिवण. मादी अशा फटीत एकदम हजारो अंडी घालते. रक्त न मिळता पूर्ण वाढलेला गोचीड कित्येक महिने तग धरतो. त्यामुळे ‘ब्रुनो जाऊन दोन महिने झाले, आता गोचीड गेले असतील’ हा हिशेब चुकतो. शिवाय घरात राणी आहेच, त्यांचं जेवण चालू आहे.

उपाय राणीपासून सुरू होतो. डॉक्टरांकडून तिच्या वजनाप्रमाणे गोचिडाची तोंडावाटे द्यायची गोळी घ्या. फ्लुरालानर घटकाची गोळी साधारण 12 आठवडे काम करते, अफॉक्सोलानरची महिनाभर. किमान चार महिने खंड पडू देऊ नका. घरातले उपाशी गोचीड तिच्यावर चढतील, रक्त प्यायला लागतील आणि अंडी घालायच्या आत मरतील. पिढी तुटते ती अशी. कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, मग औषध बदलतात. गोळी चालू असतानाही पहिले काही आठवडे अंगावर गोचीड दिसतील, कारण तो चावल्यावरच मरतो. ‘गोळी लागू पडली नाही’ म्हणून वर आणखी काही लावू नका.

जागेसाठी: ब्रुनोचं अंथरूण, पोतं, जुनी चादर जाळून टाका किंवा घट्ट बांधून कचऱ्यात द्या. हे जिवावर येईल, पण त्यात अंडी असण्याची शक्यता खरी आहे. पट्टा आठवण म्हणून ठेवायचा असेल तर उकळत्या पाण्यात बुडवून, वाळवून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा. स्टीलची थाळी घासून वापरायला हरकत नाही. फटी आणि चौकटीच्या कडा पुट्टी किंवा व्हाइट सिमेंटने भरून घ्या. जुन्या दगडी-विटांच्या घरांत हे काम सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं. फवारणी कीड नियंत्रणवाल्यांकडून करून घ्या, ‘कुत्र्याचे गोचीड’ असं स्पष्ट सांगा, फक्त फरशीवर नको तर भिंतीच्या वरच्या कडांवरही हवी, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा, कारण अंडी पहिल्या फवारणीत सुटतात. फवारा पूर्ण वाळेपर्यंत राणी घराबाहेर.

एक गोष्ट कळकळीने सांगते. द्राक्षबागेचं किंवा उसाचं कीटकनाशक पाण्यात कालवून कुत्र्याला अंघोळ घालू नका. आपल्या भागात घरोघर ती बाटली असते, म्हणून हात तिकडे जातो. त्यांतली काही औषधं कातडीतून शरीरात जातात: कुत्र्याची लाळ गळते, थरथर सुटते, श्वास अडकतो, आणि काही तासांत जीवही जातो. रॉकेल आणि डिझेलही नको. चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका, स्पिरिटमध्ये टाका.

ज्या वाचकांचा कुत्रा दुसऱ्या कारणाने गेला, त्यांचं गणित वेगळं आहे. पार्व्होने (रक्ताच्या जुलाबांचा विषाणूजन्य आजार) पिल्लू गेलं असेल तर तो विषाणू घरात आणि अंगणात कित्येक महिने, कधी वर्षभरही टिकतो, आणि नेहमीच्या फिनेलने मरत नाही. आधी साबणाच्या पाण्याने विष्ठा-उलटीचा मागमूस काढून टाकायचा, मग 1 भाग ब्लीच (सुमारे 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट) आणि 30 भाग पाणी असं ताजं मिश्रण ओतून फरशी 10 मिनिटं ओली ठेवायची. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. अंगणातली माती अशी धुता येत नाही, म्हणून त्या घरात नवं पिल्लू न आणता लसीकरण पूर्ण झालेला मोठा कुत्रा आणावा. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या जीवघेण्या आजाराचा विषाणू याउलट नाजूक, कोरड्या उन्हात फार टिकत नाही. स्वच्छ धुणं पुरतं. कृष्णेच्या पुराचं पाणी 2019 किंवा 2021 मध्ये ज्यांच्या घरात शिरलं होतं, त्यांनी लेप्टोस्पायरोसिसची लस विसरू नये. तो उंदराच्या मुतातून आणि साचलेल्या पाण्यातून येतो, माणसालाही होतो. पहिल्या वेळी दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी एक.

आता मिरजेचं पिल्लू. ‘लहान आणलं की लळा लागतो’ ही समजूत सगळीकडे आहे, पण 35 दिवसांचं पिल्लू आईपासून तोडलं तर नुकसान त्याचंच. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं भावंडांशी मस्ती करताना चावा किती जोरात घ्यायचा ते शिकतात: जोरात चावलं की समोरचं ओरडतं आणि खेळ थांबतो. हे राहून गेलेली पिल्लं पुढे हातापायांना कडकडून चावतात आणि दुसऱ्या कुत्र्यांची भाषा त्यांना उमगत नाही. राणीसारख्या म्हातारीबरोबर राहायचं तर ती भाषा येणं फार गरजेचं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017 च्या केंद्राच्या श्वानप्रजनन नियमांनीही मनाई आहे. लळा म्हणाल तर तो आठव्या आठवड्यात लागतो, आठव्या महिन्यात लागतो आणि चौथ्या वर्षीही लागतो.

शिवाय पिल्लाची लस एका टोचणीत संपत नाही. सहा ते आठ आठवड्यांना पहिली, मग दर दोन ते चार आठवड्यांनी, 16 आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांना आणि मग दरवर्षी. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला काम करू देत नाही आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून पुन्हापुन्हा टोचावं लागतं. ‘एक डोस झालाय’ म्हणून पिल्लू फिरायला नेणारे लोकच पार्व्होचे बळी पाहतात.

मुलाला तसंच पिवळं आणि त्याच नावाचं हवं आहे. त्याला रागावू नका, पण होकारही देऊ नका. एकाच वेतात पिवळी आणि काळी पिल्लं होतात. रंगाबरोबर स्वभाव येत नाही. नाव तेच ठेवलं तर ‘ब्रुनो, खाली बस’ म्हणताना प्रत्येक वेळी आठवण आधीच्या ब्रुनोची येईल आणि हा बसला नाही की अपेक्षाभंग होईल. त्याला सांगा, ब्रुनो हे नाव त्याचंच राहील; नव्याचं नाव तू ठेव, दोन अक्षरी, राणीच्या नावाशी न जुळणारं, म्हणजे हाक मारल्यावर दोघांचा घोळ होणार नाही. आणि नव्या कुत्र्याचं एक काम कायमचं त्याच्याकडे द्या, संध्याकाळचं फिरवणं किंवा पाण्याचं भांडं. आठवीतल्या मुलाला सगळं काम देऊ नये. दोन वर्षांनी दहावी आली की ते तुमच्यावरच येतं.

राणीला सोबत हवी का, हा प्रश्न मात्र मोकळ्या मनाने विचारा. तिला आधीच्या दिनक्रमाची सोबत हवी असेल: ठरलेल्या वेळी जेवण, ठरलेल्या वेळी फेरी, कोणीतरी शेजारी बसणं. ते आजपासून देता येतं. खाणं किंचित कोमट करून द्या, वासाने भूक चाळवते. दोनाऐवजी तीन वेळा थोडं-थोडं द्या. सांगलीच्या उन्हात फेरी सकाळी सातच्या आत. महिन्या-दोन महिन्यांत ती रुळली, तर नवा कुत्रा तिच्यासाठी आणण्याचं कारण उरत नाही. तुम्हाला हवा म्हणून आणायचा. तेही पुरेसं कारण आहे.

11 वर्षांच्या कुत्रीच्या अंगावर दिवसभर उड्या मारणारं लॅब्राडॉरचं पिल्लू हा तिला त्रास आहे. माझा सल्ला असा: दोन ते पाच वर्षांचा, शांत स्वभावाचा, नसबंदी झालेला नर बघा. एका घरात दोन माद्यांची भांडणं जास्त चिवट असतात, म्हणून नर. देशी असेल तर उत्तमच, ऊन सोसतो, खाण्याचे नखरे कमी. तुमच्या गल्लीत, ऑफिसच्या आवारात लोक पोसत असलेला, माणसाळलेला एखादा असतोच. कानाचा कोपरा कापलेला दिसला तर पालिकेच्या किंवा संस्थेच्या मोहिमेत त्याची नसबंदी आणि रेबीजची लस झालेली असते. त्याला घरी आणण्याआधी तो म्हाताऱ्या कुत्र्यांशी, मुलांशी आणि ताटाजवळ गेल्यावर कसा वागतो ते महिनाभर बघता येतं. पिल्लात हे बघायला मिळत नाही. आपल्याकडे कारवानी आणि मुधोळ या शिकारी कुत्र्यांची ओढही मोठी आहे. देखणी जात, पण रोज मोकळ्या रानात धावायला हवं आणि पळत्या मांजरामागे सुटते. बंगल्याच्या अंगणात तिला कोंडू नये.

निवड झाली की आणायच्या आधी डॉक्टरांकडे: रक्त, विष्ठा, गोचीड तापाची किट, जंताचं औषध, लसी, गोचिडाची गोळी. सातारा जिल्ह्यातल्या वाचकांना गुंतागुंतीच्या आजारात शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा आधार आहे. घरी आणल्यावर पहिले 14 दिवस राणीपासून वेगळ्या खोलीत. काही आजार अंगात असून दिसायला तेवढे दिवस लागतात. हे 14 दिवस संपले की दोघांची अंथरुणं अदलाबदल करून एकमेकांचा वास ओळखीचा करून द्या.

पहिली भेट घरात नको. घर राणीचं आहे. पहाटे रिकाम्या रस्त्यावर, दोन माणसं, दोन कुत्रे, मधे 15 ते 20 फूट अंतर, दोघं एकाच दिशेला चालत. दोरी ढिली ठेवा. ताणलेल्या दोरीने कुत्रा भांडणाच्या पवित्र्यात येतो. 20 मिनिटांची फेरी, दोन-तीन दिवस, अंतर हळूहळू कमी. मग पाठीमागून वास घेऊ द्या, तीन सेकंद, आणि पुन्हा चालायला लागा. अंग सैल, शेपूट मध्यावर हलती, बाजूने वळसा घालून जवळ येणं, हे चांगलं. अंग ताठ, नजर रोखलेली, शेपूट वर उभी असेल तर न ओरडता दोघांना वेगळ्या दिशेला वळवा. घरात शिरताना नव्याला आधी आत घ्या आणि राणीला मागून, म्हणजे ती दारात उभी राहून वाट अडवणार नाही. त्याआधी थाळ्या, हाडं, चेंडू सगळं उचलून ठेवा.

भांडण बहुतेक वेळा खाणं, दार किंवा माणसाचा शेजार यावरून लागतं. म्हणून जेवण कायम वेगळ्या खोलीत, दार बंद करून. घरात कोणी नसताना आणि रात्री पहिला महिना दोघं वेगळे. मधे गुडघ्याच्या वर जाणारी जाळी लावली तर एकमेकांना बघत राहता येतं. राणी गुरगुरली तर तिला मारू नका. ‘लांब हो’ एवढंच ती सांगते. गुरगुरणं दाबलं तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. नव्याला उचलून बाजूला करा आणि राणीला एक अशी जागा द्या जिथे तो जाऊच शकत नाही. खरंच जुंपली तर मधे हात घालू नका; बादलीभर पाणी किंवा जाड चादर अंगावर टाका. माणसाला दात लागले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा, कुत्रा घरचा असला तरी.

रुळायला किती वेळ? साधारणपणे तीन दिवस तो बावरलेला असतो, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं, तीन महिन्यांत खरा स्वभाव दिसतो. पहिल्या आठवड्यात पाहुणे बोलावू नका. गणपतीच्या मिरवणुकीचा आठवडा आणि दिवाळी टाळूनच तारीख धरा. फटाक्याने बिथरून दार उघडं मिळताच पळालेला नवा कुत्रा वाट ओळखत नाही.

खाण्यात एकच धोक्याची सूचना, कारण ती या जिल्ह्याला फार लागू पडते. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विष आहेत. त्यातून मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ले तर चालतं असं सुरक्षित माप नाही. तासगावचा बेदाणा घराघरांत असतो, मुलं खिशात घेऊन फिरतात, शिऱ्यात-खिरीत पडतो. खाल्ल्याचं दिसलं तर लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टर. दूध-भाकरीवर कुत्रा जगतो, पण त्यात प्रथिनं कमी. अंडं, कोंबडी, थोडी कलेजी हवी. पिल्लू वाढवणाऱ्यांनी लॅब्राडॉरसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लाला मनाने कॅल्शियमचं सिरप देऊ नये, जास्तीच्या कॅल्शियमने हाडं वाकडी होतात.

मिस्टरांच्या मित्राला आजच फोन करून ‘नको’ म्हणून कळवा, त्यांना अडकवून ठेवू नका. आणि त्याच फोनवर सांगा की पिल्लं निदान 56 दिवसांची होईपर्यंत कोणालाच देऊ नका, देताना जंताचं औषध आणि पहिली लस झाल्याची नोंद कार्डावर लिहून द्या. बाकीची पिल्लं ज्या घरांत जातील त्यांचाही यात फायदा आहे. राणीचे रिपोर्ट आले की त्यावर डॉक्टरांशी बोलून तिच्या पहिल्या गोळीची तारीख कॅलेंडरवर मांडा, आणि तिथून चार महिने मोजा.